नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यातून कापड प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी पंचगंगेत जाते आणि तीच नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला की पंचनामे होतात, आंदोलने होतात आणि नव्या पाण्याबरोबर विषय वाहून जातो. रंगाच्या या पाण्यावर स्वस्त उतारा म्हणून संशोधक भाजलेल्या मातीचे सच्छिद्र सिरॅमिक फिल्टर सुचवतात. या उपायाला आमचा विरोध नाही. मात्र तो नीट न पारखता स्वीकारला, तर नदीकाठच्या गावांना त्याची जबर किंमत मोजावी लागेल.

मातीत भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा मळून भट्टीत भाजला की तूस जळतो आणि सूक्ष्म छिद्रे उरतात. गाळ अडवायला ती पुरतात. रंगाचा रेणू मात्र त्यांच्याहून कैक पटींनी लहान असतो. तो छिद्रात अडकत नाही, आतल्या पृष्ठभागाला चिकटतो. चिकटायला जागा उरली नाही की बिनदिक्कत पार होतो. म्हणूनच पहिल्या दिवशीचे नितळ पाणी हा पुरावा मानता येत नाही. प्रयोगशाळेतली चाचणीही अनेकदा मिथिलीन ब्लू या धनभारित रंगावर होते. मातीचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने तो रंग सहज चिकटतो. सुती कापडाला लागणारे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, त्यांना साधी माती सहसा जवळ करत नाही.

खरी परीक्षा प्रकाशाने घेता येते. एका बाजूला एलईडी, समोर फोटोडायोड आणि मधून वाहते पाणी. रंग जितका जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश गिळतो. असा सेन्सर फिल्टरच्या मुखाशी अहोरात्र बसवला तर फिल्टर कोणत्या तासाला थकला ते लगेच कळते.

पण सेन्सरही फसतो. गढूळ पाणी प्रकाश विखुरते आणि नसलेला रंग दाखवते. याहून भयंकर धोका उलटा आहे. अॅझो रंगांचा बंध तुटला की पाण्याचा रंग जातो, पण अॅरोमॅटिक अमाइन्स मागे राहू शकतात. त्यांपैकी बेंझिडीन कर्करोगकारक आहे. ही रसायने डोळ्यांना दिसत नाहीत, अतिनील प्रकाशात मात्र त्यांचा माग लागतो. त्यामुळे दृश्य प्रकाशासोबत अतिनील मोजणी आणि ठरावीक काळाने प्रयोगशाळेतली तपासणी अटळ आहे.

२०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने कापड उद्योगाच्या सांडपाण्यातील रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची मर्यादा घातली. अधूनमधून भरलेली नमुन्याची बाटली रात्री सोडलेल्या पाण्याची साक्ष कशी देणार? अशी चालढकल कुठवर नेते, ते तिरुपूरने पाहिले आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. त्याची झळ कामगारांच्या चुलीपर्यंत पोहोचली.

ती वेळ इचलकरंजीवर येऊ द्यायची नसेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने आताच नियम करावा : फिल्टरची चाचणी कारखान्याच्या प्रत्यक्ष सांडपाण्यावर आणि तो निकामी होईपर्यंत व्हावी, सेन्सरच्या नोंदी नदीकाठच्या ग्रामपंचायतींना रोज पाहता याव्यात. या अटी पाळल्याशिवाय अशा कोणत्याही फिल्टरवर सरकारी पैसा खर्च होता कामा नये.