खंडणीखोरांची पहार सरकारी भट्टीतली

संगणकातील फाइलींना कुलूप घालून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांचा विषय निघाला की शहाणी माणसे ताबडतोब निष्काळजी कारकुनाकडे बोट दाखवतात. त्याने अनोळखी ई-मेल उघडली, म्हणे! पुष्कळ हल्ल्यांत असा सापळा असतो, हे खरे. परंतु १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जे थैमान घातले, त्याबाबत हा आरोप साफ खोटा आहे. विंडोज प्रणालीतील एका छिद्रातून तो एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून शिरत होता. शिरला की सर्व फाइली सांकेतिक लिपीत बंद, किल्ली टोळीपाशी आणि पडद्यावर फर्मान: बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर भरा, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फाइली कायमच्या गेल्या.

या छिद्रातून घुसण्याचे हत्यार घडवले कोणी? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, तेही जनतेच्या पैशाने! दोष दुरुस्त करवून घेण्याऐवजी तिने तो हेरगिरीसाठी लपवून ठेवला. पुढे हत्यार चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. मात्र जुन्या विंडोज एक्सपीसाठी ती सर्वांना खुली झाली, ती हल्ल्यानंतरच.

किंमत मोजली ब्रिटनमधील रुग्णांनी. मजूर पक्षाच्या सरकारने १९४८ साली उभारलेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत, तेथील लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार, सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात. दुरुस्ती वेळेवर न बसवणाऱ्या व्यवस्थापनाची हयगय नाकारण्याचे कारण नाही. पण मूळ पाप तिचे नव्हे.

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाला गुन्हेगार ठरवले. असेलही. घरफोड्याचे नाव सांगितल्याने पहार घडवणारा सुटत नाही.

त्याच पहारीच्या साह्याने जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ पसरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. येथे खंडणीची चिठ्ठी निव्वळ सोंग होते. पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच नव्हती.

सरकारांनी असे दोष साठवू नयेत, असे खुद्द मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ त्या मे महिन्यातच म्हणाले. अंगाशी आले की भांडवलदारालाही जनतेची भाषा सुचते! दोष सापडताक्षणी उघड करण्याचे कायदेशीर बंधन सरकारांवर हवे. अमेरिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयीची नियमावली प्रसिद्ध केली; कोणता दोष उघड करायचा आणि कोणता लपवायचा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र सरकारी खात्यांपाशीच ठेवला.