गुडघे जपून ठेवू नका

पन्नाशीच्या पुढे गुडघा दुखू लागला की घरातून पहिला सल्ला मिळतो तो बसून राहण्याचा. जिना टाळा, बाजारात जाऊ नका, जमिनीवर बसू नका, देवळाच्या पायऱ्या चढू नका. सल्ला देणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण अशा मायेपोटी कितीतरी चालतीफिरती माणसे दोन-तीन वर्षांत खुर्चीला खिळतात. जुनाट संधिवातात, म्हणजे ज्याला आपण ‘वाटी झिजली’ म्हणतो त्या दुखण्यात, हालचाल थांबवणे हा उपचार नाही. दुखणे वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे. नेमून दिलेला, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच या दुखण्यावरचा पहिला उपचार मानला पाहिजे आणि तो सरकारी दवाखान्यात मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हा प्रश्न मूठभरांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना झिजेचा संधिवात होता. त्यांत साठ टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक दुखणारा सांधा गुडघाच होता.

झिजेची कल्पना आपल्या मनात यंत्रावरून आली आहे. बेअरिंग जितके फिरेल तितके झिजेल, म्हणून ते कमी फिरवावे, असा हा हिशेब. सांधा मात्र जिवंत असतो. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि सांध्यावर भार पडून उतरतो तेव्हाच हा द्रव तिच्यात आतबाहेर होतो. हालचाल बंद झाली की कूर्चेचे पोषणही रोडावते. त्याहून मोठे नुकसान स्नायूंचे होते. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्याला आधार देतो, प्रत्येक पावलाचा हादरा झेलतो. दुखते म्हणून पाय वापरला नाही की हा स्नायू झपाट्याने रोडावतो, मग तोच भार थेट सांध्यावर येतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी कमी चालतो. कंबरेचे गणितही वेगळे नाही. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते: एकाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवण्याचा सल्ला. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सर्वांत मागे राहिले ते अंथरुणावर पडलेले.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एक्स-रेत झीज स्पष्ट दिसते आहे, मग व्यायामाने ती भरून येणार आहे का? नाही, कूर्चा पूर्ववत होत नाही. पण एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ फार कच्चा असतो. चित्र बिघडलेले असूनही आरामात चालणारी माणसे असतात, तशीच चित्र जवळपास स्वच्छ असूनही रात्रभर कण्हणारीही असतात. दुखण्यात स्नायूंचे बळ, वजन, झोप, मनातली धास्ती या सगळ्यांचा वाटा असतो, आणि यातले बरेच काही बदलता येते. वजनाचेच पाहा. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे अमेरिकेतल्या मोजमापांत दिसले आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो प्रामाणिक आहे. अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या अलीकडच्या आढाव्यांत व्यायामाचा फायदा पूर्वी वाटला होता त्यापेक्षा बेताचा निघाला आहे. ते मान्य करायला हवे. चमत्काराची आशा लावून कुणाला व्यायामाला जुंपू नये. पण तुलना कशाशी करायची? वेदनाशामक गोळ्यांचा फायदाही बेताचाच असतो आणि म्हातारपणी त्या पोट, मूत्रपिंड व हृदयाला महाग पडतात. व्यायामाने मात्र साखर, रक्तदाब, तोल आणि झोपही सुधारते. शस्त्रक्रियेबद्दलही असेच सरळ बोलावे. सांधेबदलास पात्र ठरलेल्या शंभर रुग्णांवरचा डॅनिश अभ्यास 2015 मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे निश्चितच अधिक कमी झाले, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. आणि केवळ व्यायाम, आहार व औषधांवर ठेवलेल्या गटातल्या साधारण तीन चतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली नाही. ज्याचा गुडघा खरोखर निकामी झाला आहे त्याने सांधा बदलून घ्यावाच. माझा आग्रह एवढाच की त्याआधीची पायरी कुणी गाळू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या, लांबून पाणी आणणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे ही थट्टा नाही का? नुसताच व्यायाम सांगून मोकळे झालो तर ती थट्टाच आहे. तिच्या अंगावरचा भार आधी कमी व्हायला हवा: नळ दारात, खुरपणीला उभ्याने वापरता येणारे अवजार, स्वयंपाकाला उभा ओटा. तरीही कष्ट आणि व्यायाम यांत मूलभूत फरक आहे. कष्टात तेच सांधे, त्याच कोनात, थकवा आला तरी थांबायची मुभा नसताना राबतात. व्यायामात मात्रा ठरलेली असते, मध्ये विसावा असतो आणि दुर्लक्षित स्नायू मुद्दाम बळकट केले जातात. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, एका पायरीवर चढ-उतार, पाय सरळ ठेवून उचलणे यांना ना यंत्र लागते ना वेगळी जागा. सुरुवातीला दुखणे थोडे वाढते, त्याला घाबरू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पहिल्या पातळीवर उतरले तर मात्रा बरोबर आहे, नाही उतरले तर कमी करावी. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. मात्र सांधा लाल व गरम होऊन सुजला, ताप आला, पडून मार लागला, सकाळी बराच वेळ सांधे आखडून राहू लागले किंवा कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायामाच्या नादी न लागता ताबडतोब डॉक्टर गाठावा.

आता प्रश्न व्यवस्थेचा. केंद्र सरकारने 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. पण गुडघा बदलायची वेळ लांबवणाऱ्या उपचारासाठी पैसे कोण देतो? बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतो. बाहेरून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. म्हणून तो चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर येणे सोडतो आणि पुन्हा बाम, पट्टा व इंजेक्शनांकडे वळतो. आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि देशात या विषयाचा पाया तिथे घातला गेला. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूदही आहे. पण गुडघा दुखणारी बाई जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून दोनदा कशी जाणार?

डेन्मार्कने 2013 मध्ये सुरू केलेला कार्यक्रम साधा आहे: आजाराची माहिती देणारी दोन सत्रे आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली गटाने बारा वेळा व्यायाम, सहा आठवड्यांत. ऑस्ट्रेलिया, कॅनडासारख्या देशांनी तो उचलला आहे. महाराष्ट्रातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि महापालिकांच्या दवाखान्यांत असे गट सुरू करायला मोठी इमारत लागत नाही. एक खोली, काही खुर्च्या आणि तीन-चार केंद्रांत मिळून फिरणारा एक फिजिओथेरपिस्ट पुरेसा आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी पदे मंजूर करावीत. आणि वाचकांनी पुढच्या वेळी घरातल्या दुखऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: कोणता व्यायाम, किती वेळा, आणि तो शिकवणार कोण?