विश्लेषण : ब्रिटिश स्पीडवेचे विजेते संघ ट्रॅकविना का?

ब्रिटनच्या स्पीडवे प्रीमियरशिपचा २०२३ चा हंगाम शेफील्ड टायगर्सने जिंकला. अंतिम लढतीत त्यांनी इप्सविचला हरवले. मात्र त्याच हंगामाअखेर वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो या दोन जुन्या संघांना आपापला ट्रॅक सोडावा लागला. हा पराभव मैदानावरचा नव्हता, मैदानाचाच होता.

स्पीडवे म्हणजे काय?

अंडाकृती मातीच्या ट्रॅकवर चार मोटरसायकलस्वार चार फेऱ्या मारतात. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची आणि ब्रेक नसलेली! वळणावर मागचे चाक घसरवतच ती वळवावी लागते. एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते. पहिल्या तिघांना अनुक्रमे ३, २ आणि १ गुण मिळतात. लीगच्या लढतीत सात-सात जणांचे दोन संघ आणि १५ शर्यती असतात.

२०२३ मध्ये नेमके काय घडले?

वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीन स्टेडियममध्ये १९२८ पासून स्पीडवेची परंपरा होती. स्टेडियम चालवणाऱ्या बेटिंग कंपनीने २०२३ नंतर स्पीडवेचा करार वाढवला नाही. श्वानांच्या शर्यती मात्र तेथे सुरूच राहिल्या. पीटरबरोचा ट्रॅक प्रदर्शनांच्या मैदानावर होता. त्या जागेच्या पुनर्विकासात घरे बांधण्याची योजना पुढे आली आणि १९७० पासून तेथे सुरू असलेल्या शर्यती थांबल्या.

चांगला खेळ करून उपयोग काय?

वुल्व्हरहॅम्प्टन २०१६ चा विजेता आणि पीटरबरो २०२१ चा. २०१७ व २०१९ मध्ये अजिंक्य ठरलेला स्विंडन संघ तर २०१९ नंतर आपल्या ट्रॅकवर उतरलेलाच नाही. म्हणजे २०१६ ते २०२२ या काळात विजेते ठरलेल्या पाच संघांपैकी तीन संघ २०२३ अखेर ट्रॅकविना होते. करंडक जिंकून जागा वाचत नाही, हाच याचा अर्थ.

प्रेक्षकच कमी झाले, त्याचे काय?

प्रेक्षक घटले, शर्यतींचा आवाज आणि धूळ शेजाऱ्यांना नकोशी होते, शहरांना घरे हवी आहेत आणि जागामालकालाही हक्क आहेत. हे सारे मुद्दे रास्त आहेत. पण मातीचा ट्रॅक दुसरीकडे सहज उभा राहत नाही. त्यासाठी मोठी जागा, परवानग्या आणि भांडवल लागते. करार संपला की संघाच्या हाती उरतो तो रंग, नाव आणि चाहते. दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा संघ प्रेक्षक वाढवण्यासाठी गुंतवणूक तरी कशाच्या भरवशावर करणार?

मग उपाय कोणता?

तो ब्रिटनमध्येच सापडतो. ऑक्सफर्डचे स्टेडियम २०१२ मध्ये बंद पडले. तेथे घरे बांधण्याचा प्रस्ताव नगर परिषदेने २०१४ मध्ये फेटाळला. जागा टिकली म्हणूनच २०२२ मध्ये स्पीडवे परतले आणि २०२४ मध्ये ऑक्सफर्ड प्रीमियरशिपमध्ये दाखल झाले. मँचेस्टरमध्ये महापालिकेच्या पुढाकारातून २०१६ मध्ये नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभे राहिले. तेथील बेल व्ह्यू संघाने २०२२ आणि २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. पोलंडमधील तोरुन शहरानेही २००९ मध्ये असेच स्टेडियम उभारले.

प्रत्येक शहराने स्टेडियम बांधावे, असे नाही. पण पर्यायी जागा ठरल्याशिवाय चालू ट्रॅक मोडायला परवानगी नको, एवढा नियम तरी हवा. बंद पडलेला संघ दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, हे ऑक्सफर्डने दाखवले. घरांखाली गेलेला ट्रॅक मात्र परत येत नाही.