आवाज बेल्टचा, दुखणं पुलीचं

तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नाहीये? टेन्शन नॉट, माझ्याकडेही नाहीये. फ्रीलान्सरच्या चेकमध्ये स्पोर्ट्स शूज येतात, तेही सेल लागला तर. तरी हा कॉलम वाचा. कारण ज्या पार्टबद्दल आज लिहितेय तो दोन सीटांच्या चकाचक जर्मन गाडीत असतो, तसाच तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या हॅचबॅकमध्येही असतो. आणि दोन्हीकडे त्याला कुणी विचारत नाही.

त्याचं नाव पुली. इंजिनाच्या एका बाजूला एक लांब, खाचांचा रबरी पट्टा फिरत असतो. तो ड्राइव्ह बेल्ट. जुने लोक त्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात, पंखा केव्हाच इलेक्ट्रिक झाला तरी. हा एकटा पट्टा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बहुतेक गाड्यांत वॉटर पंप फिरवतो आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचाही पंप फिरवतो. मध्ये मध्ये दोन-तीन पुल्या अशा असतात की त्या स्वतः काहीच चालवत नाहीत. आयडलर पुली पट्ट्याला वळणावर धरून ठेवते आणि टेन्शनर पुली स्प्रिंगच्या जोरावर त्याला ताणून ठेवते. घरातल्या त्या काकूंसारख्या, ज्यांच्या नावावर कुठलंच काम नसतं, पण त्या माहेरी गेल्या की सगळं घर बसतं.

आता केस. रामदासपेठेत प्रॅक्टिस करणारा माझा एक मित्र, हाडांचा डॉक्टर. त्यानं मुंबईहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. छप्पर उघडणारी, इंजिन सीटच्या मागे. सही गाडी! फक्त सकाळी स्टार्ट केली की किर्रर्र... आणि दहा मिनिटांनी गप्प. एप्रिल संपता संपता गप्प होणंही बंद झालं. फुटाळ्यावर शनिवारी संध्याकाळी लोक वळून बघायचे, पण गाडी बघायला नाही, आवाज कसला म्हणून.

एका गॅरेजनं बेल्ट बदलून दिला. आठ दिवस शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला निदान झालं, "अल्टरनेटर गेला." आकडा लाखाच्या घरात. आणि इकडे मित्राच्या सख्ख्या भावाचं लग्न, नाशिकला, मेच्या शेवटच्या आठवड्यात. समृद्धी महामार्गानं गाडी घेऊन जायचं त्यानं घरी जाहीर करून टाकलेलं.

समृद्धी म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. १२० ची स्पीड लिमिट, सरळसोट रस्ता, तासन् तास एकाच वेगात इंजिन. आणि आपला मे! २०१३ च्या मेमध्ये या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत. अशा दुपारी बेल्ट निसटला तर क्रम असा: आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, मग स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, एसी गरम हवा फेकायला लागतो. वॉटर पंप थांबलेला असतो, त्यामुळे टेंपरेचरचा काटा चढायला लागतो आणि इंजिन ताबडतोब बंद करावं लागतं. नाही केलं तर हेड गॅस्केटपर्यंत प्रकरण जातं. हातातल्या कुल्फीएवढी पुली, आणि तिच्यापायी इंजिन उघडायची पाळी.

घाट रोडला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद बसतात. मित्राबरोबर मीही गेले, कॉलमचा वास आला होता ना! उस्तादांनी नवा बेल्ट बघितला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, बेल्ट तर नवा आहे. मग आवाज काऊन येऊन राहिला?"

हाच खरा प्रश्न आहे. बेल्ट ओरडतो म्हणून आपण बेल्ट बदलतो. बाळ रडतंय म्हणून बाळच बदलण्यासारखं.

पहिली टेस्ट पाण्याची. कुंड्यांवर मारायची स्प्रे बाटली घ्यायची, इंजिन आयडलिंगवर ठेवायचं आणि बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडंसं पाणी मारायचं. आवाज आणखी वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे, टेन्शनर थकलाय. आवाज काही सेकंद दबला आणि परत आला तर बेल्ट वाकडा धावतोय, म्हणजे कुठली तरी पुली रेषेत नाही. आमच्याकडे दुसरा प्रकार निघाला. (ओढणी, मोकळे केस, गळ्यातली चेन हे सगळं लांब ठेवा. फिरता बेल्ट सॉरी म्हणत नाही.)

दुसरी टेस्ट कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या मधल्या, न फिरणाऱ्या बोल्टवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. चांगल्या पुलीचा नुसता वाऱ्यासारखा सूर येतो. खराब पुली घरघरते. डॉक्टर महाशयांनी एकेका पुलीला कान लावला आणि वरच्या आयडलरपाशी थांबले. "अगं, गुडघा झिजला की हाताला लागते ना, तीच करकर!" इतक्या आनंदात मी त्याला ओपीडीतसुद्धा पाहिलेलं नाही.

पण शंभर टक्के खात्री बेल्ट काढल्यावरच होते. या गाडीत ते काम सीटच्या मागून करावं लागतं. कार्पेट काढा, पॅनलचे बोल्ट काढा, मग इंजिनाचं तोंड दिसतं. उस्तादांनी आधी मोबाइलवर बेल्टच्या मार्गाचा फोटो काढला. तुम्ही घरी करणार असाल तर हे विसरू नका, नाहीतर नंतर ती वळणं जिलबीसारखी वाटतात. टेन्शनरला चोवीसचा पाना लावून फिरवला आणि बेल्ट ढिला होऊन हातात आला. मग इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवून बघितलं. जास्त चालवायचं नाही, पाणी फिरत नसतं. आवाज गायब! म्हणजे चोर बेल्टच्याच घरात, इंजिनाच्या आत नाही.

आता एकेक पुली बोटानं फिरवायची. इथे बहुतेक जण फसतात. पुली जोरात भिरभिर फिरत राहिली की वाटतं, वा, काय स्मूथ आहे! उलट आहे. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, ते पुलीला थोडं अडवतं, त्यामुळे ती दोन-चार गिरक्या घेऊन थांबते. स्केटच्या चाकासारखी फिरतच राहिली तर ग्रीस आटलंय. हाताला वाळू लागल्यासारखं वाटलं तर आतले छर्रे खराब झालेत. आणि कड धरून हलवल्यावर डुगडुगली तर प्रश्नच मिटला. आमची वरची आयडलर भिरभिरतही होती आणि डुगडुगतही होती, सीलच्या कडेला गंजाच्या रंगाची भुकटी जमलेली. ती तिरकी झाली होती, म्हणून नव्या बेल्टची एक कड आठवडाभरातच चकाकायला लागली होती. अल्टरनेटर? त्याची पुली बिचारी एकदम ठणठणीत.

बेल्टबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. पूर्वीचे रबरी बेल्ट म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या, नजरेला दिसायचं. आता बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत, टायरसारख्या खाचा झिजत जातात. त्यामुळे "बेल्ट दिसायला छान आहे" या वाक्याला अर्थ नाही. आणि बेल्टवर साबण किंवा मेण घासणारा मेकॅनिक दिसला तर गाडीची किल्ली परत मागून घ्या. आवाज दबतो, बेल्ट जास्त घसरतो.

मग खरी वादावादी झाली ती पार्टवरून. ओरिजिनल पुली मागवायची म्हणजे नऊ दिवस. शेजारचा एक दुकानदार म्हणाला, "पुली कशाला, आतली बेअरिंगच बदला ना बाप्पा! ६२०३ नंबर आहे, कुठेही भेटते." खोटं नाही. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलिमीटर. मोटारींत, मशिनांत ढिगानं वापरतात, आणि बऱ्याच आयडलर पुल्यांत तीच असते. मित्र जवळजवळ तयार झाला होता.

उस्ताद मात्र नाही म्हणाले आणि त्यामागचं गणित मला जाम आवडलं. समजा क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि आयडलर ६५ ची. म्हणजे इंजिन एकदा फिरलं की आयडलर सव्वादोनदा फिरते. तुमची हॅचबॅक तीन हजार आरपीएमवर हायवेला धावते, तेव्हा आयडलर सात हजारांच्या आसपास. ठीक आहे. पण स्पोर्ट्स कार लोक घेतात कशासाठी? सात हजारांपर्यंत खेचायला. तिथे आयडलर सोळा हजारांवर जाते. आणि घासून बसणाऱ्या रबरी सीलच्या साध्या ६२०३ ची कॅटलॉगमधली मर्यादा साधारण बारा हजार असते! वरून आपला उन्हाळा, आणि सीटमागे कोंडलेलं इंजिन, ज्याला समोरची वाराही नीट मिळत नाही. शिवाय प्लास्टिकच्या पुलीत बेअरिंग ओतून बसवलेली असते. ती ठोकून काढली की नवी रेषेत बसेलच असं नाही, आणि मूळ दुखणं तर रेषेचंच होतं.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर आत सगळं काही आकाशातून उतरलेलं असेल असं आपल्याला वाटतं. आपल्या देशी स्पोर्ट्स कारच बघा. गोव्यात बनलेली, फायबरग्लासच्या बॉडीची सॅन स्टॉर्म ११४९ सीसीच्या रेनॉ इंजिनावर चालायची, ताकद साठेक हॉर्सपॉवर. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत गाजलेली डीसी अवंती विक्रीला आली तेव्हा तिच्यातही रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो होतं. ग्लॅमर बाहेरून, आत फॅमिली गाड्यांच्या घराण्यातले बेल्ट आणि पुल्या. सचिनला २००२ मध्ये भेट मिळालेली ती फेरारी ३६० मॉडेना आठवते? तिच्या व्ही-८ मध्ये तर कॅमशाफ्टही रबरी टायमिंग बेल्टवर फिरतात. तो बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी पळो किंवा कव्हरखाली झोपलेली असो, आणि त्यासाठीही वाट सीटच्या मागूनच. पुढच्या एफ-४३० मध्ये फेरारीनं सरळ चेन टाकली.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. दोन्ही आयडलर आणि टेन्शनरची पुली एकदमच बदलली, कारण मजुरी तेवढीच आणि तिघींचं वय सारखं. मित्र कुरकुरला. तिन्ही पुल्यांचं बिल आमच्या ग्रुपच्या एका संडे ब्रंचच्या बिलापेक्षा फार जास्त नव्हतं, हे मी त्याला दाखवून दिलं. कड झिजलेला बेल्टही गेला. बोल्ट टॉर्क रेंचनं कसले, अंदाजानं नाही. बेल्ट प्रत्येक खाचेत बसलाय का ते उस्तादांनी बोट फिरवून तपासलं, क्रँक हातानं दोन फेरे फिरवला, मगच स्टार्टर. किर्रर्र नाही. स्प्रे बाटलीनं पाणी मारलं, तरी नाही.

गुरुवारी पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, तो निघाला. दुपारी नाशिकहून फोन. पुलीबद्दल अवाक्षर नाही.

"यार, एसीतून ओल्या सॉक्ससारखा वास येतोय."

केबिन फिल्टर, मी म्हटलं. आधी वऱ्हाडात जा.