खायचो, खाल्लं आणि कोमीआ

स्पॅनिशच्या क्लासला इम्परफेक्ट टेन्स सुरू झाला आणि मराठी माध्यमातली निम्मी पोरं गळाली. स्पॅनिशमुळे नाही हो, इंग्रजीमुळे! फळ्यावर 'युज्ड टू' आणि 'वॉज ईटिंग'. आम्ही आधी मराठीतून इंग्रजीत जाणार, मग तिथून स्पॅनिशमध्ये. म्हणजे नाशिकहून पुण्याला जायचं, पण व्हाया मुंबई!

माझं स्पष्ट मत आहे की हा काळ मराठीतून शिकवावा. सोय आपल्या घरातच आहे.

'कोमेर' म्हणजे खाणे. 'कोमी' म्हणजे मी खाल्लं, विषय संपला. 'कोमीआ' म्हणजे मी खायचो, नाहीतर खात होतो. इंग्रजीत नुसतं 'एट' दोन्हीकडे खपून जातं, म्हणून गोंधळ. पण 'आजी गोष्ट सांगायची' आणि 'आजीनं गोष्ट सांगितली' यात आपण कधी घोळ घालतो का? जुन्या गोष्टीतला राजा रोज शिकारीला 'जाई', तोच हा काळ. स्पॅनिश गोष्टसुद्धा 'आबीआ उना बेस' अशी सुरू होते, त्यातलं 'आबीआ' इथलंच. आणखी एक गंमत पाहा. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. इंग्रजीत दोन्हीकडे 'न्यू' येऊ शकतं!

रूपं तर अगदी सरळ. 'आर'वाल्या क्रियापदांना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. 'एर' आणि 'इर'वाल्यांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. अनियमित फक्त तीन: सेर, इर, बेर. मुलाचं 'खायचो' आणि मुलीचं 'खायचे', दोघांना एकच 'कोमीआ'. (मात्र 'मी' आणि 'तो' यांचंही रूप एकच, त्यामुळे गरज पडेल तिथे सर्वनाम लावा.)

एका ठिकाणी मराठी फसवते, हे कबूल. 'मी तीन वर्षं होस्टेलवर राहत होतो' असं आपण सहज म्हणतो, आणि मी टेस्टमध्ये 'बिबीआ' लिहून आलो. मार्क गेले! मुदत सांगितली आणि ती संपली, की तिथे 'बिबी' लागतं. पण हेही मला मराठी वाक्य शेजारी मांडल्यावरच कळलं.

मॅडमना विनंती एवढीच, की फळ्यावर इंग्रजीशेजारी मराठीचा एक रकाना आखावा. तोपर्यंत गळालेल्यांपैकी दोघं रात्री मेसनंतर माझ्या रूमवर येतात. 'आबा' झालंय, सध्या 'ईआ' चालू आहे.