चप्पल घालून हात लाव!

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. माझी धाकटी, वय वर्षे नऊ, कूलर लावायला गेली. कूलरजवळ जाऊन थांबली, परत फिरली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि मग बटण दाबलं.

मी विचारलं, "घरात चप्पल कामून घातली गं?"

म्हणाली, "आजीनं सांगितलंय. कूलर चावतो ना."

कूलर चावतो, हे मलाही माहीत होतं. दोन उन्हाळे माहीत होतं. पत्र्याच्या अंगाला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आई म्हणायची, चप्पल घालून हात लाव. बायको म्हणायची, बघा की एकदा कुणाला तरी बोलावून. मी म्हणायचो, बघू. आणि हा मी कोण? वीस वर्षं बातम्या लिहिणारा माणूस. विजेच्या धक्क्यानं माणूस गेला की पंचनाम्याच्या जागी सगळ्यात आधी पोचणारा.

राणीसावरगावकरांनो, राग मानू नका, पण खरं सांगा. तुमच्या घरात काय चावतं? कूलर? नळाला लावलेली मोटार? न्हाणीतला हीटर? फ्रीजचं दार? पत्र्याच्या घराचा खांब? मी गेल्या आठवड्यात सहज दहा-बारा घरी विचारलं. एकही घर "काहीच चावत नाही" म्हणालं नाही. सगळ्यांनी हसत हसत सांगितलं. आणि प्रत्येक घरात उपाय एकच. चप्पल घालून हात लाव.

आपल्या गावाचं विजेच्या सुरक्षेचं धोरण एवढंच आहे. एक रबरी चप्पल.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. आमच्या बातमीत एक वाक्य छापील असतं: "शॉर्टसर्किटमुळे घराला आग, संसारोपयोगी साहित्य जळून खाक." मी हे वाक्य किती वेळा लिहिलं, त्याची मोजदाद नाही. तलाठी पंचनामा करतो, मी फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी विषय संपतो. जणू शॉर्टसर्किट ही गारपीट आहे, आभाळातून पडते. अहो, शॉर्टसर्किट होतं म्हणजे वायरचं आवरण गेलेलं असतं, जोड ढिला असतो, किंवा बारीक वायरवर झेपणार नाही एवढा भार टाकलेला असतो. हे एका रात्रीत होत नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं भिंतीत चाललेलं असतं. कुणी बोर्ड उघडून बघितला असता तर दिसलं असतं. मी आजवर "का लागली" एवढंच लिहिलं. "शेवटची तपासणी कधी झाली होती" हे एकदाही विचारलं नाही. ही चूक माझी.

मोठ्या आगी आठवा. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय. नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा लेकरं गेली. चौकशीत शॉर्टसर्किटचंच कारण पुढं आलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात आग लागली. किमान अकरा रुग्ण गेले. तेव्हा सगळीकडं ऑडिटचा गजर झाला. फायर ऑडिट करा, इलेक्ट्रिकल ऑडिट करा. बरोबरच होतं. पण दवाखान्याला ऑडिट लागतं तर ज्या घरात आपली लेकरं रोज रात्री झोपतात त्याला काहीच लागत नाही का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अपघाती मृत्यूंचे आकडे असतात. २०१९, २०२० आणि २०२१, या तिन्ही वर्षी देशात विजेच्या धक्क्यानं बारा हजारांवर माणसं गेली. दर वर्षी. म्हणजे दिवसाला तीसहून जास्त. यातली सगळी घरातली नाहीत, शेतातली आहेत, कामावरची आहेत. पण कपडे वाळत घालायच्या तारेला चिकटलेली बाई, कूलरमध्ये पाणी टाकताना गेलेलं पोर, मोटार सुरू करताना गेलेला बाप, या बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळा-पावसाळ्यात येतात. तुम्हीही वाचता. वाचून पान उलटता.

आता लोक मला काय सांगतात ते ऐका.

पहिलं: "आमच्याकडं एमसीबी बसवलाय, काही होत नाही." इथंच घोळ आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर झाले तरी त्याला चालतं. ओल्या अंगातून २३० व्होल्टला दोनशे-अडीचशे मिलिअँपिअर जाऊ शकतात. माणूस जायला तेवढे पुष्कळ झाले. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस वाचवणारं यंत्र वेगळं. त्याला आरसीसीबी म्हणतात, आपल्याकडचे जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. तेवढी वीज वाट सोडून जमिनीकडं निघाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो पुरवठा तोडतो. अर्थिंग चांगलं असेल तर तुमचा हात लागायच्या आधीच तोडतो. नसेल तर हात लागल्यावर, झटका बसतो, पण तोडतो. दोन हातांत दोन वायरी धरल्या तर मात्र तोही वाचवणार नाही, म्हणून त्याच्या भरवशावर वायरीशी खेळू नका. त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. किंमत साधारण दीड-दोन हजार. आपल्या खिशातला मोबाइल केवढ्याचा आहे, ते आठवा.

दुसरं: "अर्थिंग आहे की, तीन पिनचं सॉकेट आहे." सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग असतं, असं समजू नका. माझ्या घरात काय निघालं ते सांगतो. चपलेच्या त्या प्रसंगानंतर मला लाज वाटली आणि गंगाखेडहून एका जाणत्या वायरमनला बोलावलं. दोन तास त्यानं एकेक बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक बोर्डातून निघून भिंतीत गेली होती आणि पुढं कुठंच गेली नव्हती. खड्डाच नव्हता! कूलरच्या सॉकेटमध्ये कुणीतरी तिसऱ्या पिनला न्यूट्रल जोडून दिलेली. तो म्हणाला, "साहेब, ह्यो न्यूट्रल कुठं तुटला असता तर कूलरचा सगळा पत्रा जिता झाला असता." म्हणजे जे वाचवायला म्हणून जोडलं होतं, तेच मारायला बसलं होतं. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात कुजलेली. अर्थिंगचा खड्डा, आरसीसीबी आणि मजुरी धरून सात हजारांच्या आत काम झालं. सात हजारांसाठी मी दोन उन्हाळे पोरीच्या जिवाशी खेळलो.

तिसरं, आणि सगळ्यात आवडतं: "महावितरणचं काय? आधी त्यांच्या तारा बघा." बघतोच की. लोंबकळणाऱ्या तारा, वाकलेले खांब, उघड्या डीपी, यावर मी लिहीत आलोय आणि लिहीत राहणार. तार तुटली, खांबात करंट उतरला, तर १९१२ वर फोन करा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, सोडू नका. पण मीटरच्या आतलं घर आपलं आहे. अपघात झाला की २००३च्या वीज कायद्यात कलम १६१ प्रमाणे चौकशी होते, विद्युत निरीक्षक बघतो. दोष मीटरच्या आतला निघाला तर भरपाई कुणाकडं मागणार? स्वतःकडं?

आणि आता सरकारला. कारण सगळं गरिबाच्या डोक्यावर टाकून मोकळं होणारा मी नाही.

ग्राहकाच्या जोडणीची पाच वर्षांच्या आत तपासणी व्हावी, हे आजचं नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत, नियम ४६ मध्ये ते होतं. २०१०च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही ते आलं. पुढं कमी दाबाच्या जोडण्यांसाठी मालकानंच तपासून स्वयंप्रमाणित करायची वाट काढली. शहरातल्या सोसायटीला ते जमेल. आपल्या वाडी-तांड्यावरच्या म्हातारीनं काय स्वयंप्रमाणित करायचं? मी विचारतो, राणीसावरगावात गेल्या पंचवीस वर्षांत कुणाच्या घरी, वायरिंग तपासायला म्हणून, कुणी आलंय? आलं असेल तर खाली लिहा, मी जाहीर माफी मागतो.

एकदाच तपासणी होते, ती कागदावर. नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. माझ्याही घराचा आहे. त्यावर ज्याची सही आहे त्यानं माझ्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. मला तेव्हा काम लवकर झाल्याचा आनंदच झाला होता. त्या रिपोर्टमध्ये अर्थिंग "योग्य" आहे. भिंतीत संपणारं अर्थिंग!

२०१७ साली सौभाग्य योजना आली. गरिबाच्या घरात वीज आली, चांगलं काम झालं, नाकारत नाही. पण त्या वायरिंगमध्ये काय होतं? एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायची सोय. आज त्याच वायरीवर पंखा आहे, टीव्ही आहे, मिक्सर आहे, उन्हाळ्यात कूलर आहे. एका बैलाच्या जुवावर चार गाड्या. घरकुलाचंही तेच. अनुदान बेताचंच. भिंती आणि छत होईस्तोवर पैसा संपतो, वायरिंगला येईल ती स्वस्त वायर. काम झालं की फोटो काढायला माणूस येतो. त्याच फेरीत बोर्ड उघडून बघणारा एक माणूस आला तर काय बिघडेल?

जपानमध्ये साधारण दर चार वर्षांनी घरोघरी माणूस येऊन वायरिंग तपासतो, घरमालकाला त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२०च्या नियमांनी भाड्यानं दिलेल्या घराची दर पाच वर्षांनी तपासणी मालकाला बंधनकारक केली. ते श्रीमंत देश आहेत, मान्य. पण बोर्डाचे स्क्रू काढायला श्रीमंती लागत नाही. मेगर नावाचं एक यंत्र लागतं. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन वायर आणि जमीन यांच्यातला विरोध मोजायचा. किमान एक मेगाओहम यायला पाहिजे. कमी आला तर कुठंतरी वायर सोलली आहे. ताप मोजण्याएवढं साधं काम. गावात एक मेगर असला तरी सगळ्या गावाला पुरतो.

म्हणून ग्रामपंचायतीकडं माझं मागणं सरळ आहे. एक, शाळा भरायच्या आत जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्राची वायरिंग, अर्थिंग तपासा आणि तारखेसह निकाल फलकावर लावा. दोन, परवानाधारक वायरमनची यादी आणि एका घराच्या तपासणीचा ठरलेला दर ग्रामपंचायतीत लावा. आयटीआयमधून वीजतंत्री, तारतंत्री होऊन आलेली आपलीच पोरं कामाविना बसलीत, जाणत्याच्या हाताखाली त्यांना या कामाला लावा. तीन, ज्याला परवडत नाही, विधवा, भूमिहीन, म्हातारे, त्यांच्या घराचा खर्च पंचायतीनं उचलावा. कमानी आणि पेव्हर ब्लॉकला पैसे निघतात, याला का निघू नयेत?

आणि तुमच्याकडं मागणं. रोहिणी लागल्या आहेत, मृग तोंडावर आहे. सध्या घरोघरी काय चाललंय? घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते बघायचं. सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं आपण पेरत नाही. पेरणी फसू नये म्हणून दाणा दाणा तपासणारी माणसं आपण, आणि ज्या भिंतीला लेकरू टेकून झोपतं ती भिंत तपासत नाही.

स्वतः बोर्ड उघडू नका, जाणत्यालाच बोलावा. तोवर एवढं करा. चावणारी वस्तू आजच बंद करा, प्लग काढून ठेवा. कूलरमध्ये पाणी टाकताना आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कपड्यांची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा. नळाच्या मोटारीचे उघडे जोड असतील तर मोटार लावू नका, त्या दिवशी पाणी शेंदून भरा.

"इतकी वर्षं काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतील. ज्यांच्या घरी पंचनाम्याला मी गेलो, त्यातल्या प्रत्येक घरात आदल्या दिवसापर्यंत काहीच झालेलं नव्हतं.

माझ्या घराची तपासणी कधी झाली, काय काय निघालं, किती खर्च आला, ते वर लिहिलंय. पुढची तपासणी पुढच्या रोहिणीत, तेव्हा इथंच सांगेन. आता तुम्ही लिहा. तुमच्या घरात काय चावतं आणि किती वर्षांपासून? लाजू नका. ही यादी घेऊन मी स्वतः ग्रामपंचायतीत जाणार आहे. नावं गाळीन, आकडा गाळणार नाही.