परिचारिकेच्या पाठीवरचे ओझे

१९४८च्या कारखाने अधिनियमातील कलम ३४ सांगत असे की, इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये. धान्याचे पोते एके काळी क्विंटलभर असे. आज सरकारी गोदामात ते ५० किलोंचे असते. हमालाच्या पाठीचा विचार आपण, उशिरा का होईना, केला. रुग्णालयाच्या वॉर्डात मात्र तो अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही.

रुग्णाचे वजन पोत्यासारखे निम्मे करता येत नाही. तो वेदनेने आक्रसतो, हातातून निसटतो, त्याच्या अंगाला नळ्या असतात. त्याला कुशीवर वळवताना परिचारिका वाकते, कंबरेत वळते आणि हात लांबवून जोर लावते. मणक्यांवर घातक ताण येतो तो याच अवस्थेत. अमेरिकी संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मर्यादा सुचवली, ती ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची. तीही परिस्थिती अनुकूल असेल तर.

आपल्याकडील नर्सिंगच्या अभ्यासक्रमात उचलण्याची योग्य रीत शिकवली जाते. पण ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ एवढ्या धड्याने पाठदुखी टळत नाही, हे जगभरच्या अनुभवाने दाखवले आहे. ब्रिटनच्या १९९२च्या नियमांचा क्रम उद्बोधक आहे: धोक्याचे उचलणे शक्यतो टाळा, टळत नसेल तर धोका तपासा, मग तो कमी करा. केरळातून तेथे गेलेल्या परिचारिकेला रुजू होताना हेच प्रशिक्षण मिळते. मायदेशी तिच्या मदतीला बहुधा रुग्णाचा नातेवाईकच असतो.

प्रशासनात असताना रुग्णालयांच्या खरेदीच्या अनेक याद्या माझ्या नजरेखालून गेल्या. महागडी यंत्रे त्यांत असत. रुग्णाला सरकवण्यासाठी वापरायची साधी गुळगुळीत चादर कधी दिसली नाही. अशा चादरी, उंची बदलणाऱ्या खाटा आणि रुग्ण उचलणारी यंत्रे हाताशी ठेवून प्रशिक्षण दिले, दरवर्षी त्याची उजळणी घेतली आणि पाठीच्या प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवली, तरच त्याला अर्थ आहे. दुसरा हात केव्हा मागवायचा, हेही त्यात शिकवावे; आणि तो हात वॉर्डात उपलब्ध असावा.

परिचारिकांची टंचाई असलेल्या देशाला अनुभवी परिचारिका पाठदुखीपायी गमावणे परवडणारे नाही. सेवाभावाची स्तुती पुष्कळ झाली; आता खरेदीच्या यादीत तिच्या पाठीलाही स्थान मिळावे.